ओहोटीच्या खडकांवरचे उभयपाद

ओहोटी लागल्यावर खडकावरचे समुद्रशैवल उचलून बादलीतल्या पाण्यात झटकले, तर तांदळाच्या दाण्याएवढे, दोन्ही कुशींनी चपटे, आकड्यासारखे वाकलेले जीव तळाशी वळवळू लागतात. हे उभयपाद, म्हणजे अँफिपॉड. ते कोळंबी-खेकड्यांचे नातलग. पण त्यांच्या पाठीवर अखंड कवच नसते, डोळ्यांना देठ नसतो आणि मादी पिल्ले पोटाखालच्या पिशवीत वाढवते. एवढ्यावरून गट ओळखता येतो. जात ओळखणे फार कठीण, आणि अमेरिकेच्या खडकाळ किनाऱ्यावर ते नीट जमेपर्यंत दीड शतक गेले.

सुरुवात फिलाडेल्फियात झाली. थॉमस से यांनी 1817-18 मध्ये तिथल्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात देशातील कवचधारी प्राण्यांची वर्णने छापली. नळी बांधून राहणारा सेरापस ट्यूब्युलॅरिस त्यांतलाच. वर्णने त्रोटक होती, पण ज्ञात जाती थोड्या असल्याने ती पुरत. पॅसिफिक किनाऱ्यावरील जातींचे मोठे काम विल्यम स्टिम्पसन यांनी केले. त्यांनी 1857 मध्ये वर्णिलेला, कॅलिफोर्नियाचे भूवैज्ञानिक ट्रास्क यांचे नाव मिरवणारा किनाऱ्यावरचा उड्या मारणारा उभयपाद आज ट्रास्कॉर्केस्टिया ट्रास्कियाना म्हणून ओळखला जातो.

स्टिम्पसन पुढे शिकागोच्या विज्ञान अकादमीचे प्रमुख झाले. स्मिथसोनियन संस्थेचे अपृष्ठवंशी प्राण्यांचे मोठे भांडार अभ्यासासाठी त्यांच्याकडेच होते. अकादमीची इमारत अग्निरोधक मानली जाई. ऑक्टोबर 1871 च्या शिकागोच्या महाआगीत ती जळाली आणि नमुने, चित्रे, अप्रकाशित हस्तलिखिते सगळे गेले. पुढच्याच वर्षी, वयाच्या चाळिशीत, स्टिम्पसन वारले. ही हानी केवळ एका माणसाची नव्हती. वर्णनातला शब्द संदिग्ध वाटला, तर मूळ नमुना पाहून शंका फेडण्याची वाटच अनेक जातींपुरती बंद झाली.

पूर्व किनाऱ्यावर सॅम्युअल होम्स यांनी 1905 मध्ये दक्षिण न्यू इंग्लंडच्या उभयपादांचा ग्रंथ दिला. कॅलिफोर्नियातील लगुना बीचवरच्या जाती विनी स्टाउट यांनी 1912-13 मध्ये वर्णिल्या. पण मॉन्टरे उपसागरापासून ला होयापर्यंतचे खडक एका पुस्तकात आले ते 1969 मध्ये, जे. लॉरेन्स बार्नर्ड यांच्या हातून.

त्यांच्या कामाचे बळ चित्रांत आहे. अवयव सूक्ष्मदर्शकाखाली एकेक सुटे करायचे, काचपट्टीवर ठेवायचे आणि रेखाटायचे, अशी ही पद्धत. पाहायचे असते ते नांगीसारख्या पुढच्या दोन पायजोड्यांचा आकार, शृंगिकेवरची छोटी उपशाखा, पायांच्या मुळाशी असलेल्या पट्ट्या, शेपटीकडच्या तीन पायजोड्यांची मांडणी आणि टोकाचा पुच्छखंड. यांतली दुसरी नांगी प्रौढ नरात मोठी व ठळक असते; मादी आणि पिल्ले मात्र एकमेकांसारखी दिसतात, त्यामुळे निव्वळ माद्या सापडल्या की ओळख अडते. शृंगिका तर हाताळतानाच तुटतात. नमुना अलगद हाताळण्याला म्हणूनच इतके महत्त्व.

न्यू इंग्लंडसाठी बूसफील्ड यांचे सचित्र पुस्तक 1973 मध्ये आले. 2002 मध्ये बूसफील्ड आणि हेंड्रिक्स यांनी हायली ही मोठी प्रजाती फोडली. स्टाउट यांनी लगुनात वर्णिलेली, बार्नर्ड यांच्या पुस्तकात हायली फ्रीक्वेन्स म्हणून आलेली जात आता प्रोटोहायली फ्रीक्वेन्स झाली. जुन्या ग्रंथातले चित्र आजही तितकेच उपयोगी पडते. नाव मात्र नव्या यादीत पाहून घ्यावे लागते.