रातांब्याचे अम्ल आणि कोलेस्टेरॉलवरील औषधे

रत्नागिरी जिल्ह्यात रातांब्याच्या सालीची आमसुले घरोघर वापरली जातात. तथापि त्यांच्या आंबटपणाचा रासायनिक उलगडा बराच उशिरा झाला. या वंशातील फळांचे अम्ल टार्टारिक वा सायट्रिक असावे, असा पूर्वी समज होता. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील लुईस व नीलकंठन यांनी १९६५ साली रातांब्याच्या वंशातीलच, केरळात मासळीच्या कालवणात वापरल्या जाणाऱ्या एका फळात हायड्रॉक्सिसायट्रिक अम्ल हेच प्रमुख असल्याचे दाखविले. रातांब्याच्या सालीतही तेच अम्ल आढळते.

१९६९ साली वॉटसन, फँग व लोवेनस्टाइन या अमेरिकेतील संशोधकांनी या अम्लाचा एक विशेष गुण प्रसिद्ध केला. पेशीतील सायट्रेटचे विघटन करून मेद व कोलेस्टेरॉल यांना कच्चा माल पुरविणारे जे एंझाइम, त्याचे कार्य हे अम्ल रोखते.

कोलेस्टेरॉल घडविणाऱ्या याच साखळीची पुढील कडी रोखणारे पहिले स्टॅटिन अकिरा एंडो यांनी १९७३ साली जपानात पेनिसिलियम बुरशीपासून मिळविले. स्टॅटिनमुळे यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती घटते. ती उणीव भरून काढण्यासाठी यकृतपेशी रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल अधिक प्रमाणात ओढून घेतात. लोव्हास्टॅटिनला १९८७ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या, ४,४४४ हृद्रोग्यांच्या स्कँडिनेव्हियन चाचणीत सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांतील मृत्यूंचे प्रमाण इतरांहून सुमारे ३० टक्क्यांनी कमी भरले.

मग आमसुलाचे सार हेच घरगुती औषध मानावे काय? इतिहासाचे उत्तर नकारार्थी आहे. हायड्रॉक्सिसायट्रिक अम्लाने वजन घटते, या समजाची १९९८ साली अमेरिकेत १३५ व्यक्तींवर बारा आठवडे परीक्षा झाली. निर्जीव गोळीहून त्याचा अधिक लाभ दिसला नाही. ज्या एंझाइमावर रातांब्याचे अम्ल परिणाम करते, त्याच एंझाइमाला रोखणारे बेम्पेडोइक अम्ल हे औषध अमेरिकेत मान्य होण्यास २०२० साल उजाडले. ते यकृतात क्रियाशील होते, स्नायूंत होत नाही. म्हणून स्टॅटिनने ज्यांचे स्नायू दुखतात त्यांना ते उपयुक्त ठरते.

परीक्षानळीत दिसलेला गुण आणि रोग्यास मिळणारा लाभ यांत असे अर्धशतकाचे अंतर पडले. स्टॅटिन थांबविताच कोलेस्टेरॉल पुन्हा वाढू लागते. तेव्हा सार ताटात अवश्य असावे. परंतु त्याच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेली गोळी सोडणे जिवावर बेतू शकते.