अजिंठ्याची रेषा आणि साडीतली मरिया
ख्रिस्ती उपासनेतली चित्रकला म्हटली की युरोपच आठवतो. पण तिची एक वाट छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या अजिंठ्याहून निघते. १९०९-१०च्या हिवाळ्यात इंग्रज चित्रकार क्रिस्तियाना हेरिंगहॅम यांच्यासोबत भित्तिचित्रांच्या प्रती करायला चित्रकार नंदलाल बोस तिथे आले. पुढे शांतिनिकेतनात अजिंठ्याची ती दृष्टी नंदलालांकडून गोव्याच्या आंजेलो द फोन्सेका यांना लाभली. पुण्यात अँग्लिकन धर्मगुरू जॅक विन्स्लो यांनी स्थापलेल्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात या कॅथलिक चित्रकाराने येशूची आई मरिया साडी नेसलेली रंगवली. गोव्यात त्यांच्या चित्रांना कडवा विरोध झाला.

नाझरेथची स्त्री साडी कशी नेसेल, हा आक्षेप इटलीच्या चित्रकारांनाही लागू होतो. त्यांची मरिया त्यांच्याच शहरांतल्या पेहरावात आहे. मूर्ती न करण्याची बायबलमधली आज्ञा मात्र गंभीर आहे, तिला वेशभूषेचे उत्तर पुरणार नाही. तिचे उत्तर ७८७मध्ये निकियाच्या धर्मसभेने दिले: प्रतिमेला आदर, आराधना केवळ देवाची. आणि चर्चने कोणतीही एक कलाशैली आपली मानलेली नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३मध्ये स्पष्ट लिहिले. फोन्सेका तोवर तीन दशके तेच रंगवत होते.