खांब कुणी रोवायचे?

पावसाळ्यात आकाशवाणीवर राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी ऐकली नाही, असा कोल्हापूरकर विरळाच. ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याची रचना तशी साधी. नदीत पक्के खांब आणि खांबांच्या खाचांत बरगे. पाऊस सरला की बरगे घालून पाणी अडवायचे, पुढच्या पावसाआधी काढायचे. बरगे दरवर्षी हलतात, खांब हलत नाहीत. म्हणून खरा विचार करावा लागतो तो खांब रोवतानाच.

संगणकाच्या दुनियेतही असे खांब असतात. त्यांना आराखडा म्हणतात. तो कुणी ठरवायचा, याच्या दोन रीती पडल्या.

पहिली रीत कंपनीच्या बंद दाराआडची. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने ‘सिस्टिम ३६०’ ही संगणकमालिका जाहीर केली. तिच्या आखणीत वाद झाला होता : बाइट सहा बिटांचा की आठ? जीन ॲमडाल सहाच्या बाजूचे. प्रकल्पप्रमुख फ्रेडरिक ब्रूक्स यांनी आठ ठरवले, आणि पुढे जगभर तेच रूढ झाले. रचनेत एकसूत्रीपणा हवा तर ती मोजक्या डोक्यांतूनच यावी, असे ब्रूक्स यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात मांडले. निर्णय उत्तमच होता. पण गिऱ्हाइकाच्या हाती आला तो फक्त निकाल.

दुसरी रीत उघड्या चावडीची, म्हणजे ओपन सोर्सची. जानेवारी १९९२ मध्ये ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅननबॉम यांनी जाहीरपणे लिहिले, की लिनक्सचा आराखडा कालबाह्य आहे. गाभा छोटा ठेवून बाकीची कामे वेगळी काढावीत, असे त्यांचे मत. लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्स तेव्हा हेलसिंकीचा बावीस वर्षांचा विद्यार्थी. तो तडकून बोलला, मग सुरासाठी माफीही मागितली. तत्त्व म्हणून छोटा गाभा सरस, हे त्याने मान्य केले. आराखडा मात्र बदलला नाही. पुढे लिनक्समध्ये लागतील ते भाग जोडण्या-काढण्याची सोय आली. खांब तेच, बरगे नवे!

म्हणजे ओपन सोर्समध्ये मतदान होते असे नाही. तिथेही शेवटचा शब्द एखाद्याचाच असतो. फरक एवढाच, की त्यामागची कारणे कुणालाही वाचता येतात, आणि न पटल्यास तोच सोर्स कोड घेऊन वेगळी चूल मांडता येते.

याची झळ आपल्या मराठीला बसली आहे. पूर्वी प्रत्येक फाँट कंपनीचे अक्षरांचे क्रमांक वेगळे. एका डीटीपीच्या दुकानातली पत्रिका दुसऱ्या दुकानात उघडली, की पडद्यावर नुसत्या अगम्य खुणा. मजकूर आपला, पण किल्ली दुसऱ्याकडे. १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय मानक ठरले. इस्कीच्याच आधीच्या मसुद्यावर युनिकोडमधली देवनागरी बेतली आहे. युनिकोड म्हणजे काही ओपन सोर्स नव्हे. पण नव्या अक्षराचे प्रस्ताव तिथे कुणालाही वाचता येतात. ॲमडाल या नावातला मराठी वळणाचा ‘ॲ’ स्वतंत्र क्रमांकासह २००८ मध्ये तिथे आला. त्याआधी हिंदी वळणाच्या ‘ऍ’वर भागवावे लागे.

युनिकोडमध्ये एकदा दिलेला क्रमांक पुन्हा बदलत नाही. तो खांबच. म्हणून आपल्या भाषेचे खांब रोवले जात असतील, तेव्हा काठावर उभे राहून चालणार नाही. बरगे घालायला काय, नंतरही जाता येते.