टाकीच्या तळाशी

मनालीहून लेहकडे निघालेल्या दुचाकीस्वाराला केलाँगच्या थोडे अलीकडे तांडीचा पेट्रोल पंप लागतो. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, अशी पाटी तिथे वर्षानुवर्षे होती. ती वाचून माणसे कॅन, डबे, अगदी पाण्याच्या बाटल्याही भरून घेत. नवख्यांना काळजी असते पेट्रोल संपण्याची. मुरलेले स्वार त्याहून जास्त भितात ते कॅनच्या तळाशी काय बसले आहे त्याला. वाऱ्यासोबत उडणारी माती, डब्याचा गंज, रात्रीच्या थंडीत धरलेले पाणी हे सगळे एकदा टाकीत उतरले, की खिंडीच्या चढावर गाडी मिसिंग करू लागते.

हे दुखणे फक्त लडाखचे नाही, आणि नवेही नाही. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश फौजेचे निरोपे बीएसए एम-२० आणि नॉर्टन १६-एच या मोटारसायकलींवर धावत. त्यांचे पेट्रोल यायचे चार गॅलनच्या पातळ पत्र्याच्या डब्यांतून. आपल्याकडच्या घासलेटच्या डब्याचीच ती जात. ट्रक खडकांवरून आदळला की त्यांचे सांधे उकलत. तळावरून निघालेले सुमारे तीस टक्के पेट्रोल वाटेतच नाहीसे होते, असा ब्रिटिश सेनापती जनरल ऑकिनलेक यांचा अंदाज होता. उरलेले मिळवायचे तर डबा भोसकून उघडायचा आणि नरसाळ्यातून ओतायचे. वाळूला आत शिरायला यापेक्षा चांगली वाट कोणती?

जर्मनांनी याचे उत्तर १९३७ सालीच शोधले होते. वीस लिटरचा त्यांचा कॅन दोन दाबीव अर्धे वेल्डिंगने जोडून बनवलेला होता. आतून लेप, वर तीन मुठी, खटक्याने बसणारे झाकण आणि त्याला जोडूनच तोटी. नरसाळ्याची गरजच संपली, आणि त्यासोबत नरसाळ्यातली धूळही.

या कॅनचे गुपित फुटले ते भारताच्या वाटेवर. पॉल प्लाइस हा बर्लिनमध्ये काम करणारा अमेरिकन अभियंता. १९३९ च्या उन्हाळ्यात तो एका जर्मन सहकाऱ्यासोबत मोटारीने भारताकडे निघाला. वाटेत पिण्याचे पाणी साठवायला काही हवे, म्हणून सहकाऱ्याने बर्लिनच्या टेम्पलहोफ विमानतळावरच्या साठ्यातून असे तीन कॅन उचलले. अनेक सरहद्दी ओलांडल्यावर सहकाऱ्याला मायदेशी परतण्याचा हुकूम आला. जाताना त्याने कॅन बनवण्याचा सगळा तपशील प्लाइसला दिला. प्लाइस कलकत्त्याला पोहोचला, गाडी तिथेच ठेवून अमेरिकेला परतला आणि लष्कराला समजावत बसला. अमेरिकनांनी आकार घेतला, पण वेल्डिंगच्या जागी दुमडलेले सांधे आणले. झाकण उघडायला पाना आणि ओतायला पुन्हा नरसाळे लागू लागले. ब्रिटिशांनी मात्र वाळवंटात हाती लागलेल्या जर्मन कॅनची हुबेहूब नक्कल केली.

कॅन सुधारला तरी टाकीत कचरा जायचा तो जातच होता. मोटारसायकल बनवणाऱ्यांनी तो अडवला पेट्रोलच्या कॉकपाशी. कॉकची मुख्य नळी टाकीच्या तळापासून जरा उंच ठेवलेली असते, तिच्याभोवती बारीक जाळी असते आणि अनेक कॉकांखाली गाळ साचायला छोटी वाटीही असते. गंज आणि पाणी जड, म्हणून ते तळाशी बसून राहतात. पण कॉक रिझर्व्हला लावला की पेट्रोल थेट तळातून ओढले जाते. जाळीतून निसटलेला एखादा कण कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकतो, आणि जेटचे भोक असते जेमतेम मिलिमीटरभर.

त्यावर इलाजही सोपा होता. वाटी उघडा, जेट काढा, तोंडाने फुंका. १९५५ पासून मद्रासला बनू लागलेल्या बुलेटवर सरहद्दीच्या रस्त्यांनी जी माया केली, तिच्यात या सोपेपणाचा वाटा मोठा होता.

न बसणाऱ्या घाणीपुढे मात्र जाळी हतबल असते. रॉकेल पेट्रोलमध्ये पूर्ण मिसळते आणि कोणत्याही गाळणीतून आरपार जाते; इंजिनात मात्र ते नॉकिंग आणि काजळी वाढवते. रेशनचे रॉकेल पेट्रोलहून कितीतरी स्वस्त होते, म्हणून भेसळीचा धंदा फोफावला. तो रोखू पाहणाऱ्यांनी प्राण गमावले. १९ नोव्हेंबर २००५ रोजी उत्तर प्रदेशात इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांचा खून झाला. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जिवंत जाळले. ग्राहकाच्या हाती आहे तो फिल्टर पेपर. पंपावर तो मागायचा हक्क आहे. त्यावर टाकलेला पेट्रोलचा थेंब डाग न ठेवता उडाला पाहिजे.

तोवर इंजिनही बदलत होते. सुझुकीची आरएम-झेड ४५० ही २००८ सालची मोटोक्रॉस गाडी फ्युएल इंजेक्शन घेऊन आली. रॉयल एनफिल्डची हिमालयन २०१६ मध्ये कार्ब्युरेटरसह निघाली आणि पुढच्याच वर्षी तिलाही इंजेक्शन बसले. १ एप्रिल २०२० च्या बीएस-६ नियमांनंतर नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. इंजेक्टरची भोके जेटहून कितीतरी बारीक, पंप आणि त्याची जाळी टाकीच्या पोटात. फुंकून मोकळे करण्यासारखे काही उरले नाही. म्हणून आडवाटेने फिरणारे आता टाकीच्या तोंडातच बारीक जाळीचा मोजा बसवतात. आत जाण्याआधीच गाळा, हा त्यामागचा हिशेब.

पाण्याचा प्रश्न मात्र नव्या रूपात उभा आहे. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राला पेट्रोलमधले इथेनॉल नवे नाही. २००३ मध्ये पाच टक्के मिश्रण सुरू झालेल्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही होते. २०२३ पासून वीस टक्क्यांचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. इथेनॉल थोडे पाणी स्वतःत मुरवून घेते. पाणी मर्यादेबाहेर गेले, की ते आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाशी जाऊन बसतात, नेमके पंप जिथून ओढतो तिथे. पावसाळाभर अर्ध्या टाकीने उभ्या राहिलेल्या गाडीत रिकाम्या जागेतली दमट हवा हे पाणी पुरवते. म्हणून बरेच मेकॅनिक सांगतात, गाडी महिनोन्‌महिने ठेवायची असेल तर एक तर टाकी काठोकाठ भरा, नाहीतर पूर्ण रिकामी करा.