घरामागची गाडी

१९१५ साली रोलंड कॉन्क्लिन न्यूयॉर्कजवळच्या हंटिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाले. त्या वर्षी तिथं पनामा-पॅसिफिक प्रदर्शन भरलं होतं. अमेरिका आडवी ओलांडायची, म्हणून त्यांनी घरच चाकांवर चढवलं होतं: २५ फूट लांब, आठ टन वजनाची दुमजली बस. आत स्वयंपाकघर, झोपायची सोय, विजेचं जनरेटर, फोनोग्राफ, पुस्तकांचं छुपं कपाट आणि वर गच्चीतली बाग. वर्तमानपत्रांनी या ‘जिप्सी व्हॅन’चं भरभरून कौतुक केलं. पाच वर्षं आधी, १९१० मध्ये, पीअर्स-अ‍ॅरो कंपनीनं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आपली ‘टूरिंग लँडॉ’ दाखवली होती. तिच्या मागच्या सीटचा पलंग होई आणि ड्रायव्हरच्या सीटमागून हात धुवायचं भांडं बाहेर येई. पण हे सगळे लक्ष्मीपुत्रांचे प्रयोग. सामान्य माणसाला त्यांचा उपयोग नव्हता.

सामान्य माणूस फोर्डच्या मॉडेल टीला तंबू बांधून निघत असे. १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पाच्या डी सोटो पार्कात अशा प्रवाशांनी ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही संघटना काढली. डब्यातलं अन्न तापवून खाणाऱ्यांची ती संघटना. १९३०च्या दशकात तंबूची जागा ट्रेलरनं घेतली. वॉली बायमच्या एअरस्ट्रीमनं १९३६ मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा चकचकीत ‘क्लिपर’ आणला आणि मोटारीमागून घर ओढत नेणं ही अमेरिकेतली ओळखीची गोष्ट झाली. ट्रेलरचा एक गुण तेव्हा कुणाला मुद्दाम सांगावासा वाटला नसेल, इतका तो उघड होता. मुक्कामाला पोचल्यावर घर सोडवून ठेवायचं आणि मोटार घेऊन गावात जायचं. घर वेगळं, इंजिन वेगळं.

ही फारकत मिटवली मिशिगनमधल्या ब्राउन सिटीच्या रेमंड फ्रँक यांनी. १९५८ मध्ये त्यांनी आपल्या कुटुंबासाठी चालतं घर बांधलं. पाहणाऱ्यांना ते आवडलं, मागणी आली आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला डॉजच्या चासीवर ‘फ्रँक मोटर होम’ विकायला निघालं. तरी किंमत मोठीच होती. ती खाली आणली आयोवा राज्यातल्या फॉरेस्ट सिटीनं. तिथल्या जॉन के. हॅन्सन यांच्या विनेबेगो कंपनीनं १९६६ मध्ये आपलं पहिलं मोटरहोम काढलं, तेही इतरांच्या जवळपास निम्म्या किमतीत. थोड्याच वर्षांत कुठल्याही कंपनीच्या मोटरहोमला लोक सरसकट ‘विनेबेगो’ म्हणू लागले.

हजारो कुटुंबांना ही गाडी पहिल्यांदाच परवडली, आणि पहिल्याच मुक्कामात त्यांना तिची अडचण कळली. कॅम्पग्राउंडवर गाडी लावली की चाकांखाली फळ्या सरकवून ती समतल करायची, विजेची केबल जोडायची, पाण्याची नळी लावायची, सांडपाण्याचा पाइप जमिनीतल्या भोकात बसवायचा, बाहेर छत ताणायचं. मग लक्षात यायचं की दूध संपलंय. दुकान चार मैलांवर. तिथं जायला अख्खं घर पुन्हा उचकटायचं, कपाटांना कड्या लावायच्या, भांडी बंद करायची आणि २५ फुटांचं धूड घेऊन गावातल्या दुकानासमोर जागा शोधायची. १९६२ मध्ये मोंटानातल्या बिलिंग्जहून सुरू झालेल्या केओए कंपनीच्या कॅम्पग्राउंडांमुळे हमरस्त्यालगत वीज-पाण्याची सोय झाली होती, पण गावात जायचा प्रश्न तसाच होता. त्यावरचं उत्तर म्हणजे घरामागे बांधलेली छोटी मोटार. जहाजामागून होडी नेतात तशी, म्हणून तिला ‘डिंगी’ म्हणू लागले.

मोटरहोमच्या इतिहासात या मागच्या गाडीला तळटीपेपुरती जागा मिळते, हा तिच्यावर अन्याय आहे. कारण १९७०नंतर मोटरहोमवाल्यांनी दुसरी गाडी कुठली घ्यायची हे आरामानं, रंगानं किंवा किमतीनं ठरलेलं नाही. ते गिअरबॉक्सनं ठरवलं.

सुरुवातीला काम सोपं होतं, कारण फोक्सवॅगन बीटल होती. वजन जेमतेम आठशे किलो. इंजिन मागे, त्यामुळे पुढचा भाग हलका. तिचा पुढचा अ‍ॅक्सल म्हणजे दोन आडव्या नळ्या. ‘ए’ आकाराच्या लोखंडी टो-बारचे पट्टे त्या नळीवर आवळले की झालं. गिअर हातानं बदलायचे. न्यूट्रलला टाकली की चारी चाकं रस्त्यावर ठेवून ती निमूट मागे येई. महाराष्ट्रात बंद पडलेली जीप दोर बांधून गॅरेजपर्यंत टोचन करून नेतात, तसलाच हा प्रकार. फरक एवढाच की दोराच्या जागी ताठ लोखंड, मागच्या गाडीत ड्रायव्हर नाही आणि अंतर पाच-पाचशे मैलांचं.

घोडं अडलं ते ऑटोमॅटिक गाड्यांपाशी, आणि अमेरिकेत तर बहुतेक गाड्या ऑटोमॅटिकच होत्या. अशा गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. गाडी मागून ओढली जाते तेव्हा इंजिन बंद असतं, पंप थांबलेला असतो, पण चाकांकडून शाफ्ट फिरतच राहतो. दात आणि बेअरिंग कोरडी पडतात, तापतात, जळतात. पुढे धावणाऱ्या मोटरहोमच्या ड्रायव्हरला यातलं काही कळत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये आहे म्हणजे सुरक्षित आहे, हा नवख्यांचा समज. त्याची किंमत म्हणजे अख्खा गिअरबॉक्स. मग प्रॉपेलर शाफ्ट मध्येच सोडवता येईल अशी कळ निघाली, तेल फिरवणारे वेगळे विजेचे पंपही निघाले. रेमको कंपनीचा धंदा बरीच वर्षं याच वस्तूंवर चालला.

त्यात आणखी एक भर पडली. १९६९च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सनं किल्ली काढली की स्टेअरिंग जखडणारं कुलूप बसवलं आणि पाठोपाठ चोरीविरोधी कुलपाचा नियमच झाला. ओढली जाणारी गाडी वळणावर आपली पुढची चाकं आपणच वळवते. स्टेअरिंग जखडलेलं असेल तर टायर फरफटत जातात. म्हणून किल्ली अर्धी फिरवून ठेवायची आली, आणि त्यापायी संध्याकाळपर्यंत बॅटरी उतरू लागली.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. १९७४च्या आरंभी अमेरिकेत ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. त्याच सुमारास जनरल मोटर्सनं आपलं देखणं मोटरहोम बाजारात आणलं होतं, ओल्डस्मोबिल टोरोनाडोचं साडेसात लिटरचं इंजिन पुढच्या चाकांना जोडलेलं. ते १९७८ मध्ये बंद झालं. तेलटंचाईनं मोटरहोमचा धंदा हादरला, पण ज्यांनी मोटरहोम विकलं नाही त्यांना मागे छोटी गाडी बांधण्याचं आणखी एक कारण मिळालं. घर एकदा लावायचं आणि आठवडाभर हिंडायचं ते कमी पेट्रोल खाणाऱ्या गाडीतून. होंडा सिव्हिक अमेरिकेत नेमकी तेव्हाच येत होती.

होंडाचं वेगळेपण तिच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये होतं. त्यात नेहमीच्या ग्रहमालेसारख्या चक्रांऐवजी साध्या, हातानं बदलायच्या गिअरबॉक्ससारखे समांतर शाफ्ट होते. त्यामुळे पुढे होंडाची सीआर-व्ही ऑटोमॅटिक असूनही ओढता येऊ लागली. त्याची रीत मात्र ठरलेली. इंजिन चालू करायचं, ब्रेकवर पाय ठेवून गिअरची दांडी सगळ्या खाचांतून फिरवायची, आधी ‘डी’ आणि मग न्यूट्रल, तीन मिनिटं इंजिन तसंच चालू द्यायचं, मग बंद. या क्रमात तेल जिथं हवं तिथं पोचतं. घाईत ‘आर’मधून थेट न्यूट्रलला आणणाऱ्यानं फुकटचा धोका ओढवून घेतला.

दुसरी वाट फोर-व्हील ड्राइव्हची. जीपमध्ये पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी ट्रान्सफर केस न्यूट्रलला टाकली की मुख्य गिअरबॉक्सला चाकांची झळच लागत नाही. १९८५ मध्ये अमेरिकेत सुझुकीची सामुराई आली तेव्हा मोटरहोमवाल्यांनी ती उचलली: हलकी, आखूड, ट्रान्सफर केस असलेली. मराठी वाचकांना ती वेगळ्या नावानं चांगलीच परिचयाची आहे. त्याच वर्षाअखेरीस आपल्याकडे आलेली मारुती जिप्सी म्हणजे हिचीच बहीण. ताडोबात जिच्यात उभं राहून वाघ पाहिला जातो, तिचीच भावंडं अमेरिकेत न्यूट्रलला टाकून मोटरहोममागून धावत होती. जीप काय किंवा सामुराई काय, यात एकच चूक फार महागात पडते. ट्रान्सफर केस न्यूट्रलऐवजी ‘फोर-लो’मध्ये राहिली आणि गिअर पडलेला असला, तर चाकं उलट इंजिनालाच फिरवतात. साठच्या वेगाला ते इंजिन फार वेळ टिकत नाही.

आणि मग सॅटर्न. टेनेसीतल्या स्प्रिंग हिल इथं १९९० मध्ये जनरल मोटर्सची ही गाडी तयार होऊ लागली. दारं आणि बाजूचे पत्रे प्लास्टिकचे, वजन अकराशे किलोच्या आसपास आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स समांतर शाफ्टांचा. म्हणजे हातगिअरची असो की ऑटोमॅटिक, ओढा खुशाल. कुठल्याही कॅम्पग्राउंडवर ओळीनं सॅटर्न दिसत. कंपनीनं ती जपानी छोट्या गाड्यांना टक्कर द्यायला काढली होती, तिला घट्ट धरून ठेवलं ते निवृत्त जोडप्यांनी. जनरल मोटर्सनं २०१० मध्ये सॅटर्न बंद केली, पण जुन्या सॅटर्न त्यानंतरही बरीच वर्षं टो-बारला बांधलेल्या दिसत.

टो-बार बनवणारेही पाहण्यासारखे आहेत. ब्लू ऑक्सचे टो-बार नेब्रास्कातल्या पेंडरहून येतात, डेम्कोचे आयोवातल्या बॉयडनहून. दोन्ही गावं शेतीची. डेम्को आजही धान्याच्या गाड्या आणि फवारणीची यंत्रं बनवते. ट्रॅक्टरमागे वजन कसं जोडावं हे पिढ्यान्‌पिढ्या जाणणाऱ्या लोहारकामाला नवं गिऱ्हाईक मिळालं. ताठ ‘ए’ बारमध्ये मोठी कटकट होती: गाडी इंचाइंचानं नेमकी नेऊन खीळ बसवावी लागे. एकानं चालवायचं, दुसऱ्यानं हात हलवत खुणा करायच्या, आणि अनेक घरांतली भांडणं इथंच सुरू व्हायची. नव्या टो-बारचे दोन्ही हात दुर्बिणीच्या नळ्यांसारखे लांबतात. गाडी थोडी वाकडी उभी असली तरी जोडता येते. मग मोटरहोम काही फूट पुढे घ्यायचं, की हात ताणले जाऊन ‘खट्‌’ असा आवाज येतो आणि कुलूप बसतं. तो आवाज दोनदा ऐकू यायला हवा, दोन्ही बाजूंनी एकेकदा. त्यानंतर सुरक्षेच्या तारा आडव्या अडकवायच्या, दिव्यांची वायर जोडायची. एकजण आत बसून डावा, उजवा, ब्रेक असं दाबत जातो, दुसरा मागे उभा राहून कुठला दिवा लागला ते ओरडून सांगतो. शेवटी हातब्रेक सुटलाय का, ते पाहायचं. यात घाई करणाऱ्याच्या टायरचा धूर मागून येणारे दाखवतात.

मागे गाडी असताना मोटरहोम रिव्हर्स घ्यायचं नाही, हे नवख्याला पेट्रोलपंपावर कोंडीत सापडल्यावर पटतं. पुढे जाताना ओढलेल्या गाडीची चाकं आपोआप सरळ होतात. मागे ढकललं की तीच चाकं एका बाजूला पूर्ण मुरडतात आणि सगळा ताण टो-बारवर येतो. अशा वेळी गाडी सोडवायची, दोन्ही वेगळ्या फिरवायच्या, पुन्हा जोडायच्या. दुसरा मार्ग नाही.

ब्रेकचा प्रश्न मात्र बरीच वर्षं लोकांनी हलकेच घेतला. एवढं मोठं मोटरहोम, त्याला छोट्या गाडीचं काय ओझं, असा हिशोब. पण मोटरहोमचे ब्रेक त्याच्या स्वतःच्या वजनापुरते बसवलेले असतात. उतारावर मागून दीड टन ढकलू लागलं की थांबायचं अंतर वाढतं. बऱ्याच राज्यांत तीन हजार पौंडांवरच्या ओढलेल्या वाहनाला स्वतःचे ब्रेक लागतात. मग ड्रायव्हरच्या सीटसमोर ठेवायची पेटी आली. मोटरहोम वेग कमी करू लागलं की ती ओळखते आणि दट्ट्यानं मागच्या गाडीचा ब्रेक दाबते. कॅन्ससमधल्या एम्पोरियाच्या हॉपकिन्स कंपनीची ‘ब्रेक बडी’ ही त्यातली सर्वांत ओळखीची. सोबत एक बारीक तार असते. टो-बार तुटलाच तर ती खीळ उपसते आणि सुटलेल्या गाडीचे ब्रेक लागतात.

एवढा खटाटोप कशासाठी, ते मोंटानातल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात कळतं. तिथल्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या डोंगरी भागात २१ फुटांहून लांब किंवा ८ फुटांहून रुंद वाहनाला मज्जाव आहे. १९३०च्या दशकात खुला झालेला हा रस्ता कड्याच्या कडेनं जातो. ३५ फुटी मोटरहोम पायथ्याला ठेवून मागची गाडी घेऊन वर जाणारे तिथं रोज दिसतात.

अलीकडे मात्र ही निवड अवघड झाली आहे. २०१५ मध्ये सीआर-व्हीला सीव्हीटी, म्हणजे ठरावीक टप्पे नसलेला, गिअरबॉक्स आला आणि चारी चाकांवर ओढण्याची मुभा संपली. २०१४ पर्यंतच्या सीआर-व्ही म्हणून टो-बार अडकवायच्या बेसप्लेट आणि वायरिंगसकट एका मोटरहोमवाल्याकडून दुसऱ्याकडे जातात. फोर्डच्या काही हायब्रिड गाड्या ओढता येतात. टेस्लाला चाकं जमिनीवर ठेवून ओढायला कंपनीची मनाई आहे, कारण चाकांबरोबर मोटरही फिरत राहते. ती न्यायची तर पूर्ण ट्रेलरवर चढवावी लागते आणि ट्रेलरचं वजन वेगळं. नुसतं मॉडेलचं नाव पाहूनही भागत नाही. २०१४ पासूनची जीप चेरोकी दोन टप्प्यांच्या ट्रान्सफर गिअरची असेल तरच ओढता येते. तिच्याशेजारी उभी असलेली, दिसायला हुबेहूब तशीच, पण एका टप्प्याची चेरोकी चालत नाही. त्यामुळे मोटरहोमवाले विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबत नाहीत. पैसे मोजण्याआधी ते त्या वर्षाची, त्याच गिअरबॉक्सची मालकपुस्तिका मागतात आणि ओढण्याविषयीचं पान उघडून वाचतात.