नर्सिंगचे शिक्षण : वाट कशी घडली, आपली कोणती?

मुलीला किंवा मुलाला नर्सिंगला पाठवायचे ठरवताय? मग थोडा इतिहास जाणून घ्या, निवड सोपी होईल.

१८६० मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या निधीतून लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. आपल्याकडे रमाबाई रानडे यांच्या पुण्यातील सेवासदनाने ससून रुग्णालयाच्या साहाय्याने स्त्रियांना, त्यात विधवांनाही, हे शिक्षण दिले. तेव्हा या कामाला प्रतिष्ठा नव्हती, पण स्वतःच्या पायावर उभे राहता येत होते. १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोर येथे पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषदेला आधार मिळाला.

आज बारावीनंतर तीन मुख्य वाटा आहेत :

• एएनएम : २ वर्षे. भर गावपातळीवरील माता-बाल आरोग्यावर.
• जीएनएम : ३ वर्षे. रुग्णालयातील परिचारिकेसाठी.
• बी.एस्सी. नर्सिंग : ४ वर्षे. बारावीला जीवशास्त्रासह विज्ञान हवे.

पैशांअभावी आज जीएनएम केले तरी पुढे २ वर्षांत पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. वाट बंद होत नाही.

मात्र फी भरण्याआधी संस्थेची मान्यता तपासा. राज्य परिचर्या परिषदेत नोंदणी झाली नाही, तर हातातले प्रमाणपत्र नुसता कागद ठरतो.