पंढरीचं दार आणि विनोबा

शंभर वर्षांच्या वारीचा हिशोब मांडायचा तर मुक्काम, पंगती, विणेकरी यांच्या नोंदी येणारच. पण ज्या दाराशी आपण दरसाल जातो, त्या दाराचीही हकिकत सांगितली पाहिजे.

१ मे १९४७ रोजी साने गुरुजी उपोषणाला बसले, ते पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात. अस्पृश्य मानलेल्या भावंडांना विठ्ठलाच्या पायांशी जाऊ द्या, एवढंच मागणं. दहाव्या दिवशी उपोषण सुटलं आणि मंदिराची वाट मोकळी झाली. हे पुष्कळांना ठाऊक आहे. पुढे अकरा वर्षांनी घडलं ते मात्र कीर्तनातही क्वचितच कानी येतं.

मधला काळ वाईट गेला. आधी रझाकारांचा जाच, मग १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यातल्या मुसलमान कुटुंबांवर संकट कोसळलं. पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालात आपल्या बीड जिल्ह्याचंही नाव आहे. मुसलमान विणकरांना वाचवताना स्वतःचा जीव गमावलेल्या हिंदू विणकरांचीही त्यात नोंद आहे. त्याच साली विनोबा भावे तिकडे मेवातात, घरदार सुटलेल्या मेव मुसलमानांना पुन्हा वसवायच्या कामात होते.

विनोबा म्हणजे गीताईचे कर्ते, ज्ञानोबा-तुकोबांवर वाढलेला माणूस. पण देवळाच्या बाबतीत त्यांचा हट्ट एकच: माझ्यासोबतच्याला आत घेत नसाल तर मीही येणार नाही. १९५३ साली ते हरिजनांना घेऊन वैद्यनाथाच्या दर्शनाला गेले. (वैद्यनाथ म्हटलं की आपल्याला परळीच आठवते, हे तेव्हाच्या बिहारातलं देवघर.) पंड्यांनी मारहाण केली, विनोबांच्या कानाला मार बसला. जगन्नाथपुरीला सोबत एक फ्रेंच बाई होती, म्हणून ते दारातूनच मागं फिरले. केरळात गुरुवायूरला सोबत ख्रिस्ती मंडळी होती, तिथंही तेच झालं.

१९५८ च्या मे महिन्यात विनोबा पंढरपुरास येणार, तेव्हा गावात कुजबुज सुरू झाली, की हा माणूस परधर्मीयांना जबरदस्तीनं आत घुसवणार. जबरदस्ती त्यांच्या स्वभावातच नव्हती. नाही म्हणालात तर बाहेरूनच परत जाईन, हा त्यांचा रिवाज होता. शेवटी मंदिराच्याच मंडळींनी आपणहून बोलावलं, सगळ्यांना घेऊन या म्हणाले. माझ्या मते खरा मोठेपणा या बोलावण्यात आहे. पुरीला आणि गुरुवायूरला जे जमलं नाही, ते पंढरीला जमलं.

२९ मे रोजी ६२ वर्षांचे विनोबा विठ्ठलापुढे उभे राहिले. सोबत एक मुसलमान मुलगी होती, एक जर्मन ख्रिस्ती मुलगी होती. विनोबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

योगसंग्रामाचे कर्ते शेख महंमद मूळचे आपल्या आष्टी तालुक्यातल्या वाहिऱ्याचे. त्यांची गादी श्रीगोंद्याला. आषाढी तेव्हा महिन्यावर आली होती आणि आपल्याकडच्या दिंड्या निघायच्या तयारीत होत्या.